चंद्राच्या कला, ग्रहणं आणि प्राथमिकचा वर्ग: वाचकांचे प्रश्न

प्राथमिक शाळेतल्या मुलांना चंद्राच्या कला आणि ग्रहणं कशी समजावून सांगावीत, याबद्दल शिक्षक आणि पालकांची बरीच पत्रं आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: मी चौथीला शिकवते. फळ्यावर आकृती काढून, नीट समजावून सांगूनही निम्मी मुलं पेपरात हेच लिहितात की, पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो. कुठे चुकतंय?
(प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर: मुख्य अडचण आकृतीचीच आहे. पुस्तकातल्या चित्रात पृथ्वी आणि चंद्र अंतराळातून, उत्तर ध्रुवाच्या वरून पाहिलेले असतात. मूल चंद्राकडे बघतं ते मैदानात उभं राहून. पाहण्याची जागा मनातल्या मनात बदलणं आठ-नऊ वर्षांच्या मुलाला जड जातं. मग काळ्या दिसणाऱ्या भागासाठी त्याला माहीत असलेलं एकच कारण ते लिहितं, ते म्हणजे सावली. म्हणून आकृती सगळ्यात शेवटी काढा आणि सुरुवात दिवसा दिसणाऱ्या चंद्रापासून करा.

दुपारची शाळा असेल तर शुद्ध सप्तमी ते दशमी या चार दिवसांत दुपारी चारच्या सुमारास मुलांना मैदानात न्या. चंद्र पूर्वेच्या बाजूला चांगला वर आलेला असतो. सकाळची शाळा असेल तर वद्य सप्तमी ते दशमी निवडा. सकाळी आठ-नऊला तो पश्चिमेकडे दिसतो. दिवसाही चंद्र दिसतो याचंच अनेक मुलांना नवल वाटतं, तेव्हा पाच मिनिटं नुसतं बघू द्या.

मग प्रत्येकाच्या हातात एक पांढरा चेंडू द्या. गुळगुळीत प्लास्टिकचा नको, तो चमकतो. रबरी चेंडूला ओल्या खडूचा थर दिला किंवा शाडूचा गोळा वाळवून घेतला तरी काम होतं. ऊन पडलेल्या जागी उभं राहून हात लांब करायचा आणि चेंडू आकाशातल्या चंद्राच्या अगदी शेजारी दिसेल असा धरायचा. चंद्राचा उजवा अर्धा भाग उजळ असेल तर चेंडूचाही उजवा अर्धा भागच उजळ दिसतो. उजेड आणि अंधार यांची सीमारेषाही तशीच कललेली असते. दोघांवर पडणारं ऊन एकाच सूर्याचं, एकाच दिशेनं येणारं आहे आणि आपण दोघांकडे एकाच कोनातून बघतो आहोत. कला म्हणजे एवढंच. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मूल सहसा विसरत नाही.

त्याच जागी सावलीची शंकाही फेडून टाका. एक हात सूर्याच्या दिशेला करायला सांगा (सूर्याकडे बघायचं नाही, फक्त हात), दुसरा चंद्राच्या दिशेला. अष्टमीला दोन्ही हातांत जवळजवळ काटकोन होतो. आता विचारा: आपली सावली कुठे पडली आहे? सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला. पृथ्वीची सावलीही तिकडेच जाणार. चंद्र तर बाजूला आहे, मग त्याच्यावर ती पडेल कशी? उत्तर मुलांनाच देऊ द्या.

हे करताना दोन ठिकाणी गडबड होते. मूल शाळेच्या इमारतीच्या किंवा झाडाच्या सावलीत उभं असतं, तेव्हा चेंडूवर ऊन पडतच नाही. किंवा चेंडू चंद्रापासून हातभर लांब धरला जातो. मग कोन बदलतो आणि कला जुळत नाही.

प्रश्न: बल्ब आणि चेंडूचा प्रयोग आम्ही दरवर्षी करतो, पण पौर्णिमेच्या वेळी मुलाच्या डोक्याचीच सावली चेंडूवर पडते आणि पूर्ण चंद्र दिसतच नाही. बाकीच्या कलाही अस्पष्ट दिसतात.
(विज्ञान विषय साहाय्यक, लातूर जिल्हा)

उत्तर: चेंडू खाली धरला जातो, हे पहिलं कारण. तो डोळ्यांच्या पातळीपेक्षा एक वीत वर असायला हवा. हात लांब करून जरा वर उचलला की डोक्याची सावली चेंडूच्या खालून निघून जाते.

बाकी मांडणी अशी करा. खोलीच्या मधोमध, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, शेड नसलेला एकच बल्ब लावा. ४० वॅटचा जुना साधा बल्ब मिळाला तर उत्तम, नाहीतर ५ वॅटचा एलईडी. जास्त वॅटचा लावला की भिंती उजळतात, भिंतींवरून परतलेला उजेड चेंडूच्या अंधाऱ्या बाजूवर पडतो आणि कला पुसट होतात. ट्यूबलाइट तर नकोच, उजेड लांबट पट्ट्यातून येतो आणि सीमारेषा पसरते. भिंती पांढऱ्या असतील तर मुलांच्या पाठीमागे गडद चादरी टांगा. खिडक्यांना वर्तमानपत्राचे दोन थर पुरतात. चेंडू थर्माकोलचा, ६ ते ७ सेंटिमीटर व्यासाचा घ्या आणि पेन्सिलीच्या टोकावर खोचा. मूल बल्बपासून दीड-दोन मीटरवर उभं राहील. एका वेळी सहा-आठ मुलं सहज होतात.

मुलाचं डोकं ही पृथ्वी. आधी बल्बकडे तोंड करायचं, चेंडू बल्बच्या जरा वर धरायचा. चेंडूची आपल्याकडची बाजू काळी दिसते, ही अमावास्या. आता हात न हलवता स्वतःभोवती डावीकडे हळूहळू वळायचं. थोडं वळलं की उजव्या कडेला बारीक कोर उजळते. पाव फेरी झाली की बल्ब उजव्या हाताला येतो आणि चेंडूचा उजवा अर्धा भाग उजळतो, ही शुद्ध अष्टमी. बल्बकडे पाठ झाली की पौर्णिमा, आणखी पाव फेरीला वद्य अष्टमी. दिशा चुकवू नका. उजवीकडे वळलं तर कला उलट्या क्रमानं दिसतात आणि नंतर आकाशाशी काहीच जुळत नाही.

आमचा आग्रह असा की कला आणि ग्रहण एकाच तासाला शिकवू नयेत. दोन्हींत तोच बल्ब, तोच चेंडू आणि काळा भाग. मुलांच्या मनात गुंता होतो तो इथेच. मध्ये निदान एक आठवडा जाऊ द्या. मग ग्रहणाच्या तासाला चेंडू मुद्दाम डोळ्यांच्या पातळीवर आणा. बल्बकडे तोंड करून एक डोळा मिटला की चेंडू बल्बला झाकतो, ते सूर्यग्रहण. पाठ केली की डोक्याची सावली चेंडूवर येते, ते चंद्रग्रहण. आधीच्या तासाला जी चूक होती, तीच आता प्रयोग होते.

प्रश्न: माझी मुलगी विचारते, दर पौर्णिमेला पृथ्वी मध्ये येते तर दर महिन्याला ग्रहण का होत नाही? कक्षा ५ अंशांनी कललेली आहे असं सांगितलं. ती म्हणाली, ५ अंश तर अगदीच थोडे!
(पालक, नाशिक)

उत्तर: मुलीची शंका रास्त आहे. पुस्तकातल्या चित्रात पृथ्वी आणि चंद्र एकमेकांना खेटून काढलेले असतात, तिथे ५ अंशांनी काहीच फरक पडणार नाही. खरी अंतरं दाखवली की उत्तर आपोआप मिळतं.

एक बास्केटबॉल घ्या, व्यास साधारण २४ सेंटिमीटर. ही पृथ्वी. त्या प्रमाणात चंद्र साडेसहा सेंटिमीटरचा, म्हणजे टेनिसचा चेंडू. दोघांत किती अंतर ठेवायचं, ते मुलांना सांगू द्या. बहुतेक मुलं हातभर अंतर सांगतात. खरं अंतर आहे सव्वासात मीटर. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे मध्ये ३० पृथ्वी मावतात. सव्वासात मीटरची सुतळी कापून अंगणात ताणा.

आता ५ अंश बघा. एवढ्या अंतरावर ५ अंशांचा कल म्हणजे टेनिस चेंडू मधल्या पातळीच्या वर किंवा खाली ६५ सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. आणि पृथ्वीची गडद छाया त्या जागी किती रुंद असते? या प्रमाणात जेमतेम १७ सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून वर साडेआठ आणि खाली साडेआठ. बहुतेक पौर्णिमांना चंद्र तिच्या बराच वरून किंवा खालून निघून जातो. पट्टी घेऊन मुलीलाच मोजू द्या. बास्केटबॉल नसेल तर फुटबॉल चालेल. व्यास २२ सेंटिमीटर धरा, चंद्र ६ सेंटिमीटरचा आणि सुतळी साडेसहा मीटरपेक्षा थोडी मोठी. (याच प्रमाणात सूर्य २६ मीटरचा आणि पावणेतीन किलोमीटर दूर असेल. गावातली तेवढ्या अंतरावरची एखादी जागा सांगितली की मुलांना अंदाज येतो.)

चंद्राची कलती कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला दोन ठिकाणी छेदते. पंचांगातले राहू आणि केतू म्हणजे हेच दोन छेदनबिंदू. पौर्णिमा किंवा अमावास्या यांच्या जवळपास झाली तरच ग्रहण होतं, आणि अशी संधी साधारण १७३ दिवसांनी येते. २०२५ सालच्या तारखा बघा: १४ मार्चला, म्हणजे धुळवडीला, खग्रास चंद्रग्रहण होतं (भारतातून दिसलं नाही) आणि २९ मार्चला सूर्यग्रहण. मग सहा महिन्यांनी ७ सप्टेंबरला, भाद्रपद पौर्णिमेला, खग्रास चंद्रग्रहण आणि २१ सप्टेंबरला, सर्वपित्री अमावास्येला, पुन्हा सूर्यग्रहण. ग्रहणं अशी जोडीनं आणि अर्ध्या वर्षाच्या अंतरानं येतात.

प्रश्न: मुलाला शाळेतून "महिनाभर चंद्राचं निरीक्षण" असा प्रकल्प मिळाला आहे. पंधरा दिवस उत्साहानं केलं, मग चंद्र दिसेनासा झाला आणि वही तशीच राहिली.
(पालक, डोंबिवली)

उत्तर: पौर्णिमेनंतर बहुतेक वह्या अशाच थांबतात, कारण निरीक्षणाची वेळ बदलायची असते हे कुणी सांगत नाही. चंद्र दर दिवशी सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताला उगवतो, वद्य चतुर्थीला, म्हणजे संकष्टीला, रात्री नऊ-साडेनऊच्या आसपास आणि वद्य अष्टमीला मध्यरात्री. संध्याकाळी सातला तो आकाशात नसतोच. पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी निरीक्षण सकाळी साडेसहाला करायचं. तेव्हा तो पश्चिमेला असतो आणि मूल शाळेच्या तयारीसाठी उठलेलंच असतं.

सुरुवात शुद्ध द्वितीया किंवा तृतीयेला करा, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं, पश्चिमेला. जागा रोज तीच हवी, गच्ची असो की खिडकी. वहीच्या दोन पानांवर आडवं क्षितिज काढून समोर दिसणाऱ्या खुणा आखून ठेवा: पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, नारळाचं झाड. रोज त्याच वेळी चंद्र कुठे आहे तिथे खूण करायची. उंची मुठींनी मोजा. हात सरळ लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंशांची असते आणि मुलाचा हात लहान तशी मूठही लहान, त्यामुळे हिशोब जुळतो. चंद्र दिवसाला सुमारे १२-१३ अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे एक मूठ आणि वर थोडं. तीन दिवसांत हे मुलाच्या लक्षात येतं.

चंद्राचं चित्र काढण्यासाठी दहा रुपयांच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवून वर्तुळं आधीच काढून ठेवा. अंधारा भाग पेन्सिलीनं भरायचा, उजळ भाग कोरा ठेवायचा. उलट केलं की दहा दिवसांनी वही बघताना गोंधळ होतो. ढग असतील त्या दिवशी "ढगाळ" लिहून वर्तुळ रिकामं ठेवा. कॅलेंडरवरून किंवा अ‍ॅपवरून चित्र उतरवून जागा भरू नका. रिकामं वर्तुळ ही खरी नोंद आहे, आणि आधीच्या-नंतरच्या चित्रांवरून मधलं कसं असेल हे मुलाला ओळखायला सांगता येतं.

शिक्षकांना एक विनंती: हा प्रकल्प आषाढ-श्रावणात देऊ नका. कोकणात आणि घाटमाथ्यावर तेव्हा आठवडाभर चंद्राचं दर्शन होत नाही. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे महिने सर्वांत चांगले.

एक जोडकाम सुचवतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा गावांप्रमाणे दिलेल्या असतात. मुंबई आणि नागपूरच्या वेळा शेजारी लिहा. नागपूर सुमारे ६ अंश पूर्वेला असल्यानं तिथला चंद्रोदय २० ते २५ मिनिटं आधी असतो. चौथीतलं मूल ही वजाबाकी आनंदानं करतं.

प्रश्न: नातू मेलबर्नला असतो. आम्ही दोघांनी एकाच संध्याकाळी चंद्र पाहून चित्रं काढली आणि फोनवर एकमेकांना दाखवली. माझ्या चंद्राची उजवी बाजू उजळ, त्याच्या चंद्राची डावी! चूक कुणाची?
(एक आजी, पुणे)

उत्तर: आजी, दोन्ही चित्रं बरोबर आहेत. पुण्यात तुम्ही चंद्र बहुधा दक्षिणेकडे तोंड करून पाहता. मेलबर्न विषुववृत्ताच्या दक्षिणेला ३८ अंशांवर आहे, तिथे चंद्र उत्तरेच्या आकाशात असतो. तुमच्या तुलनेत नातू गोलाच्या दुसऱ्या अंगाला उलटा उभा आहे. त्याला त्याचं चित्र डोकं खाली, पाय वर असं फिरवायला सांगा, तुमच्या चित्राशी जुळेल. चंद्रावरचे काळे डागही तसेच उलटे दिसतात, पुढच्या पौर्णिमेला तेही ताडून पाहा. कला मात्र दोन्हीकडे एकच असते. तिथली संध्याकाळ साडेचार-साडेपाच तास आधी होते, पण तेवढ्या वेळात चंद्र जेमतेम अडीच अंश सरकतो.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट शाळेतल्या चित्रांबद्दल. बहुतेक पुस्तकांत कोर उभी काढलेली असते. आपल्या अक्षांशावर ती क्वचितच उभी दिसते. गुढीपाडव्यानंतर एक-दोन दिवसांनी संध्याकाळी पश्चिमेला पाहा, कोर होडीसारखी जवळजवळ आडवी पडलेली असते. भाद्रपदात तीच कोर बरीच तिरकी असते. उजळ बाजू नेहमी मावळलेल्या सूर्याकडे असते, आणि वसंतात सूर्य-चंद्राला जोडणारी रेषा पश्चिम क्षितिजावर जवळजवळ सरळ उभी राहते, शरदात ती कलते. मुलानं आडवी कोर काढली म्हणून कृपया लाल शाईची खूण करू नका, त्यानं खरंच बघून काढलेली असते.

प्रश्न: पौर्णिमेचा चंद्र उगवताना एवढा मोठा का दिसतो? हवेमुळे भिंगासारखा परिणाम होतो का?
(पाचवीचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: नाही, तो मोठा नसतोच, आपल्याला तसा भास होतो. कार्डशीटला पंचिंग मशीननं एक भोक पाड. ते साधारण ६ मिलिमीटरचं असतं. हात पूर्ण लांब करून, एक डोळा मिटून त्यातून उगवता चंद्र बघ. तो भोकात मावेल. तीन-चार तासांनी चंद्र वर आला की पुन्हा तसंच बघ, तेव्हाही तेवढाच मावेल. हात दोन्ही वेळा सारखाच लांब हवा, कोपर वाकलं की मोजमाप बिघडतं. क्षितिजाजवळ हवेमुळे चंद्र खरं तर वरून-खालून किंचित चेपल्यासारखा होतो आणि त्याचा रंग तांबूस होतो, आकार वाढत नाही.

प्रश्न: खग्रास चंद्रग्रहणात चंद्र पूर्ण सावलीत असतो, मग तो काळा न होता लाल का होतो? आणि मुलांना नेमकं काय बघायला सांगावं?
(शिक्षक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर: पृथ्वीभोवती हवा आहे म्हणून. सूर्याचा प्रकाश पृथ्वीच्या कडेनं, हवेच्या थरातून जाताना वाकतो आणि सावलीच्या आत पोचतो. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो, तांबडा पुढे जातो. त्या वेळी पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत किंवा मावळत असतो, तिथला तांबूस प्रकाश चंद्रावर पडतो. हवेत धूळ किंवा ज्वालामुखीची राख जास्त असेल तर चंद्र गडद तपकिरी होतो.

मुलांना नुसतं "ग्रहण बघा" म्हटलं तर दहा मिनिटांत कंटाळतात. हातात वही द्या. नाण्याभोवती काढलेली वर्तुळं आधीच तयार ठेवा आणि दर १५ मिनिटांनी सावलीची कड त्यात काढायला सांगा. कड नेहमी गोलाईची येते. पृथ्वी गोल असल्याचा हाच पुरावा अ‍ॅरिस्टॉटलनं दिला होता. कलेतली सीमारेषा आणि ही कड यांतला फरकही इथे दिसतो. अष्टमीला सीमारेषा सरळ असते आणि ती पुढे सरकायला दिवस लागतात, ग्रहणाची कड तासाभरात चंद्र ओलांडते.

वेळेचा अंदाज येण्यासाठी ७ सप्टेंबर २०२५ चं ग्रहण घ्या. रात्री ९:५७ ला गडद छायेचा स्पर्श, ११:०१ ते १२:२२ खग्रास, १:२६ ला शेवट. लहान मुलांसाठी पहिला दीड तास पुरेसा होतो. त्यानंतर महाराष्ट्रातून सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसणारं खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आहे. साडेआठच्या सुमारास सुरुवात आणि पावणेदहा ते अकराच्या दरम्यान खग्रास, म्हणजे वेळ मुलांच्या सोयीची आणि आकाश हिवाळ्याचं. पंचांगात "छायाकल्प" लिहिलेलं असेल तर मुलांना जागवू नका. तेव्हा चंद्र फक्त विरळ छायेतून जातो आणि साध्या डोळ्यांना फरक जवळजवळ कळत नाही.

प्रश्न: घरी आजी ग्रहणात जेवू देत नाहीत, बाहेर जाऊ देत नाहीत. शाळेत बाई सांगतात ग्रहण बघा. मुलानं कुणाचं ऐकायचं?
(पालक, सांगली)

उत्तर: चंद्रग्रहणात चंद्रावर पडणारा सूर्यप्रकाश काही वेळ अडतो, एवढंच घडतं. अन्न त्यामुळे बिघडत नाही, पाणी दूषित होत नाही, गरोदर बाईला किंवा पोटातल्या बाळाला काही होत नाही. बाळाचा ओठ फाटलेला असण्याचा ग्रहणाशी काहीही संबंध नाही. हे मुलाला स्पष्ट सांगा.

आजींशी वाद घालायला मात्र मुलाला पुढे करू नका. जेवण लवकर उरकून घेता येतं आणि चंद्रग्रहण घराच्या खिडकीतूनही दिसतं. आजींनाच शेजारी बसवून सावलीची कड दाखवा. त्यांना हेही सांगता येईल की ग्रहणाचं छायेचं कारण आपल्याकडे फार पूर्वी सांगितलं गेलं आहे. आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या आर्यभटीयात म्हटलं आहे की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची मोठी छाया चंद्राला.

प्रश्न: चांद्रयान-३ उतरलं तेव्हा बातम्यांत "चंद्रावरचा दिवस १४ दिवसांचा" असं ऐकलं. त्याचा कलांशी संबंध आहे का?
(सहावीची विद्यार्थिनी, रत्नागिरी)

उत्तर: थेट संबंध आहे. चंद्राचा उजळ भाग म्हणजे तिथला दिवस आणि अंधारा भाग म्हणजे तिथली रात्र. पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणून चंद्रावरच्या एका जागी सुमारे पावणेपंधरा दिवस ऊन आणि तेवढेच दिवस रात्र असते. विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६:०४ ला उतरलं. त्या दिवशी शुद्ध सप्तमी होती, आपल्या आकाशात जवळजवळ अर्धा चंद्र होता आणि उतरायच्या जागी सकाळ होती. उपकरणं सौरऊर्जेवर चालणार असल्यानं मुद्दाम ती वेळ साधली होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे रात्र होऊ लागली तेव्हा लँडर आणि रोव्हर निद्रावस्थेत ठेवले गेले. चंद्राची जी बाजू आपल्याला कधीच दिसत नाही तिला काही जण "अंधारी बाजू" म्हणतात, तेही बरोबर नाही. तिथेही पंधरवडाभर लख्ख ऊन असतं. अमावास्येला तर ती सगळीच्या सगळी उन्हात असते.

प्रश्न: सूर्यग्रहण शाळेत दाखवायचं आहे, पण डोळ्यांची भीती वाटते. चष्मे सगळ्यांना पुरत नाहीत. सुरक्षित आणि स्वस्त उपाय सांगाल का?
(मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा, धुळे जिल्हा)

उत्तर: भीती योग्य आहे. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे भाजत असताना मुलाला काहीच जाणवत नाही. दृष्टीतला डाग काही तासांनी लक्षात येतो, आणि तो कायमचा असू शकतो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, गॉगल, परातीतल्या पाण्यातलं प्रतिबिंब यांपैकी एकही सुरक्षित नाही. सूर्य अंधूक दिसला तरी अदृश्य अवरक्त किरण आत जातात. आयएसओ १२३१२-२ असा उल्लेख असलेले ग्रहणचष्मे किंवा १४ क्रमांकाची वेल्डिंगची काच, एवढंच चालतं. चष्मा वापरण्याआधी विजेच्या दिव्यासमोर धरून बघा. बारीकसंही छिद्र किंवा ओरखडा दिसला तर तो फेकून द्या.

पण पूर्ण शाळेसाठी आमची पसंती आरशाला आहे. हातात मावेल एवढा छोटा आरसा घ्या. त्यावर काळा कागद चिकटवा, मध्ये ५ मिलिमीटरचं भोक ठेवा. आरसा बाहेर उन्हात स्टुलावर विटांच्या आधारानं पक्का बसवा आणि कवडसा उघड्या दारातून अंधाऱ्या वर्गातल्या पांढऱ्या भिंतीवर पाडा. आरसा आणि भिंत यांत १० मीटर अंतर असेल तर सूर्याची प्रतिमा ९ सेंटिमीटरची येते. पन्नास मुलं एकाच वेळी सूर्याचा घास कमी-जास्त होताना बघतात आणि कुणालाही सूर्याकडे तोंड करावं लागत नाही. अंतर कमी असेल तर प्रतिमा लहान आणि भोकाच्या आकाराची येते, तेव्हा अंतर वाढवा, भोक मोठं करू नका. सूर्य सरकतो तसा कवडसाही सरकतो. दर दोन-तीन मिनिटांनी आरसा जरा वळवावा लागतो, त्यासाठी एक मोठं माणूस तिथेच बसवा. कवडशाच्या वाटेत कुणी डोळे आणणार नाही हेही त्यांनीच पाहायचं.

दुसरा उपाय सुईनं छिद्र पाडलेल्या पुठ्ठ्याचा. १ मीटरवर ९ मिलिमीटरची प्रतिमा पडते. मात्र छिद्र दिसलं की मुलं त्यातून सूर्याकडे बघायला जातात. म्हणून आधी सगळ्यांना सूर्याकडे पाठ करून उभं करा आणि मगच पुठ्ठे वाटा. पोह्यांची चाळण किंवा झारा उन्हात धरला तर जमिनीवर एकदम कितीतरी चंद्रकोरीसारखे सूर्य उमटतात, झाडाच्या पानांतूनही तेच दिसतं.

२ ऑगस्ट २०२७ ला सोमवार आहे आणि दुपारी उशिरा पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. खग्रास पट्टा इजिप्तमधल्या लक्झरवरून जातो, तिथे सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकला जाईल. आपल्याकडे आषाढ अमावास्या, म्हणजे ऐन पावसाळा असेल. ढगांतून सूर्य अधूनमधून डोकावतो तेव्हाच मुलांना चष्म्याशिवाय वर बघण्याचा मोह जास्त असतो, म्हणून त्या दिवशी मैदानावर प्रत्येक वर्गामागे एक शिक्षक ठेवा. आरशाची मांडणी आदल्या आठवड्यात उन्हाची उघडीप मिळेल तेव्हा त्याच वेळी, त्याच जागी करून पाहा. ऑगस्टमधल्या दुपारी उशिरा सूर्य पश्चिमेला कललेला असतो, त्यामुळे पश्चिमेला मोकळं मैदान आणि तिकडे उघडणारं दार असलेला वर्ग आधीच निवडून ठेवावा लागेल.